बेशिस्तीच्या मुळाशी

लग्नसमारंभात जेवणाच्या पंगतीत असो, मंदिराच्या ओट्यावर असो की एसटीच्या प्रवासात असो, मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे असे कळले की शेजारचा गृहस्थ एकच विषय काढतो. 'सर, आजकालच्या मुलांना शिस्तच राहिली नाही.' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याला मान डोलावण्याची मला सवयच जडली. पण खरे सांगायचे तर हे वाक्य माझ्या वडिलांच्या पिढीनेही आमच्याविषयी उच्चारले होते आणि आमच्या शिक्षकांनी तर फार मोठ्या आवाजात उच्चारले होते. डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या माध्यमिक शिक्षण आयोगालाही आपल्या अहवालात विद्यार्थ्यांच्या शिस्तीच्या प्रश्नाचा स्वतंत्रपणे विचार करावा लागला होता. तेव्हा 'आजकाल' या शब्दाचे वय निदान सत्तर वर्षे आहे, हे ध्यानात ठेवूनच पुढचा विचार केलेला बरा.

मग बदलले काहीच नाही का? बदलले आहे, आणि पुष्कळ बदलले आहे. परंतु ज्याला आपण सरसकट बेशिस्त म्हणतो, ती एक वस्तू नाही. उशिरा येणारा, उलट उत्तर देणारा, वर्गात झोपणारा, बाक कोरणारा, दुसऱ्याचा डबा पळवणारा आणि दुर्बळ मुलाला छळणारा, हे सहा जण सहा वेगवेगळ्या कारणांनी तसे वागत असतात. आपण मात्र सहाही जणांच्या प्रगतिपुस्तकावर 'वर्तणूक सुधारणे आवश्यक' असा एकच शेरा मारतो. मीही चौतीस वर्षे तो मारला. त्यांपैकी किती शेरे चुकीचे होते याचा हिशेब आता निवृत्तीत सवडीने मनाशी चालू असतो.

एका मुलाची हकीकत सांगतो. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी आमची शाळा. नववीच्या 'ब' तुकडीला मी मराठी शिकवीत असे. वर्गात साठाच्या वर मुले. धड्याचे प्रकट वाचन घेताना मी एकेका रांगेने मुलांना उभे करी. तिसऱ्या रांगेतील एका मुलाची पाळी जवळ आली की काहीतरी घडलेच म्हणून समजावे. कधी कंपासपेटी खाली पडून सगळे साहित्य फरशीवर विखुरे, कधी शेजाऱ्याशी मारामारी होई, कधी मागून मांजराचा आवाज येई. मी त्याला वर्गाबाहेर उभे करी आणि वाचन पुढच्या मुलाकडे जाई. पहिल्या सत्रात असे किती वेळा घडले याची मी मोजदाद ठेवली नाही, परंतु हजेरीपुस्तकाच्या मागच्या पानावर त्याच्या नावापुढे मी केलेल्या खुणा पाहिल्या तर आजही लाज वाटावी इतक्या होत्या.

आमच्या शाळेत एक शिपाईमामा होते. चौथीपर्यंत शिकलेले, तास देण्याचे आणि पाणी भरण्याचे काम करणारे. दिवाळीच्या सुट्टीनंतर एके दिवशी ते मला म्हणाले, 'सर, त्या पोराला तुम्ही रोज भायेर काढता, पण त्याला तेच पायजे असतंय. भायेर आला की कसा शांत होतोय बघा. माझ्यासंगं घागरी भरू लागतोय.' मामांचे हे बोलणे मला प्रथम उद्धटपणाचे वाटले. शिकवावे मी आणि मुलाची पारख सांगावी शिपायाने! पण ते डोक्यातून जाईना. दोन दिवसांनी त्या मुलाला मी ग्रंथालयाच्या खोलीत एकट्याला बोलावले आणि 'किशोर' मासिकाचा एक जुना अंक त्याच्या हातात देऊन पहिला परिच्छेद वाचायला सांगितला. कंपासपेटी पाडायला तेथे कोणी प्रेक्षक नव्हता. तो बराच वेळ अंकाकडे पाहत राहिला. मग अडखळत वाचू लागला. साधी अक्षरे त्याला येत होती. जोडाक्षर आले की तो थांबे, आणि थांबला की घामाने त्याचे कपाळ भिजे. 'विद्यार्थ्यांच्या' हा शब्द त्याला वाचता येत नव्हता. नऊ वर्षे शाळेत येणाऱ्या मुलाला!

मुलांच्या जगात 'वांड' म्हणवून घेण्यात थोडी प्रतिष्ठा असते; 'ढ' म्हणवून घेण्यात कसलीही नसते. दोहोंपैकी एक निवडायचे झाले तर चौदा वर्षांचा कोणताही मुलगा पहिले नाव निवडील. त्या मुलाने तेच निवडले होते, आणि मी दररोज त्याला ते मिळवून देत होतो. माध्यमिक वर्गांतील दंग्याचे निदान निम्मे प्रसंग असे लपवाछपवीचे असतात, असे माझे अनुभवांती बनलेले मत आहे. मोजमाप मी केलेले नाही, पण कोणत्याही जुन्या शिक्षकाला विचारून पाहावे.

येथे व्यवस्थेचाही भाग आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंत मुलाला कोणत्याही इयत्तेत मागे ठेवता येत नव्हते. हेतू चांगला होता. नापासाचा शिक्का बसून गरिबांची मुले शाळा सोडतात, ती सोडू नयेत. पण मागे ठेवायचे नाही याचा अर्थ मागे राहिलेल्याकडे अधिक लक्ष द्यायचे असा होता. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी त्याचा अर्थ मागे राहिलेल्याकडे पाहायचेच नाही असा झाला. नववीत पाऊल टाकताच कायद्याचे छत्र संपते. चाचण्या, सहामाही, वार्षिक, आणि समोर दहावीचे बोर्ड. आठ वर्षे ज्याला कोणी थांबवले नाही, त्याच्यासमोर अचानक भिंत उभी राहते. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी व आठवीच्या शेवटी परीक्षा घेण्याची आणि मुलाला त्याच इयत्तेत ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. त्याने प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. जोडाक्षर परीक्षा घेतल्याने येत नाही, शिकवल्याने येते. मुख्याध्यापकांच्या बैठकांत 'नववीतच मुले का बिघडतात?' असा प्रश्न दरवर्षी निघे. मुले नववीत बिघडत नाहीत, त्यांचे झाकलेले नववीत उघडे पडते, एवढेच.

आता छडीविषयी. याच कायद्याच्या कलम १७ ने बालकाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली. अनेक शिक्षकांना आणि त्याहून अधिक पालकांना वाटते की छडी गेली आणि शिस्त गेली. 'सर, मारा हवं तर, आमची काही हरकत नाही' असे म्हणणारे वडील मी पुष्कळ पाहिले. गंमत अशी की हेच वडील, दुसऱ्याच्या मुलाला शिक्षा झाली तर तिचे समर्थन करतात आणि स्वतःच्या मुलाला झाली तर दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात उभे राहतात. मी नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत छडी वापरली. वर्ग शांत होत असे, हे खरे. पण मी रजेवर गेलो की त्याच वर्गाचा गोंधळ मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत ऐकू येई, हेही तितकेच खरे. शांतता माझ्याबरोबर येत होती आणि माझ्याबरोबर जात होती. अशा शांततेला शिस्त म्हणावे काय?

वयाचा विचार आपण बोलण्यात करतो, वेळापत्रकात करीत नाही. बारा-तेराव्या वर्षानंतर शरीराचे झोपेचे घड्याळ पुढे सरकते. रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही आणि पहाटे जाग येत नाही. हा आळस नव्हे, हा वाढीचा भाग आहे. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते असे वैद्यकशास्त्र सांगते. आता आपल्या घरातील नववीच्या मुलाचा दिवस कागदावर मांडून पाहावा. पहाटे साडेपाचला उठून सहाची गणिताची शिकवणी, तेथून शाळा, शाळेतून विज्ञानाची शिकवणी, मग गृहपाठ, आणि रात्री साडेअकराला अंथरुणात हातात मोबाईल. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतच्या वर्गांची वेळ सकाळी नऊच्या आत नसावी असे ठरवले, ते लहानग्यांच्या झोपेसाठीच. मोठ्या मुलांच्या झोपेचा विचार मात्र अजून कोणाच्या मनात आलेला नाही. अपुऱ्या झोपेचे मूल चिडचिडे असते हे प्रत्येक आईला ठाऊक असते. मूल चौदा वर्षांचे झाले की ती ते विसरते.

शिकवण्यांचा आणखी एक परिणाम शाळेच्या वर्गात दिसतो. जो धडा सकाळी शिकवणीत संपला, तोच दुपारी शाळेत सुरू होतो. हुशार मुलगा कंटाळतो, आणि कंटाळलेला हुशार मुलगा ढ मुलापेक्षा अधिक उपद्रवी असतो. शिवाय त्याच्या मनात हेही पक्के बसलेले असते की खरे शिकवणारे सर वेगळे, ज्यांना वडील फी देतात ते. शाळेतील शिक्षक हा हजेरी घेणारा कारकून ठरतो. मी शिकवणी घेणाऱ्यांना दोष देत नाही. त्यांच्यापैकी कित्येक जण नोकरी न मिळालेले उत्तम शिक्षक आहेत.

मोबाईलविषयी फार लिहीत नाही. सगळे त्याविषयीच लिहितात, आणि तो दोष दाखवायला सोयीचा आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आपणच तो मुलांच्या हाती दिला, 'अभ्यासासाठी' म्हणून. २०२१ ची दहावीची परीक्षा तर झालीच नाही. दीड-दोन वर्षे जी मुले पाचवी-सहावीत घरी बसली, ती एका बाकावर तिघांनी बसण्याचे, पाळी येईपर्यंत थांबण्याचे, हरल्यावर भांडण न करण्याचे शिक्षण न घेताच माध्यमिक वर्गांत आली. त्यांच्यापैकी अनेकांना पुस्तकातला मजकूर शिकवणे सोपे होते, थांबायला शिकवणे अवघड.

घराविषयी लिहिणे अधिक अवघड आहे, कारण वाचक आपलेच आहेत. तरीही लिहितो. सोळा वर्षांच्या आत कोणतेही मोटार वाहन चालवण्याचा परवाना मिळत नाही. सोळाव्या वर्षी मिळतो तो पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या वाहनाचा. तरीही नववी-दहावीची मुले शिकवणीला स्कूटरवर आणि मोटारसायकलवर येतात, कित्येकदा तिघे तिघे. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने अशा प्रसंगी पालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद केली आहे. मुलगा किल्ली चोरून नेत नाही. वडीलच देतात, कारण सोडायला जाण्यास त्यांना सवड नसते. 'पोलीस दिसला तर गल्लीतून जा' हा धडाही घरातच मिळतो. नियम हा पाळण्यासाठी नसून पकडले न जाण्यासाठी असतो, हे एकदा घरी शिकलेला मुलगा शाळेत वेगळे कसे वागेल? मुदलियार आयोगाने सतरा वर्षांखालील विद्यार्थ्यांना राजकीय प्रचारासाठी वा निवडणुकीच्या कामासाठी वापरणे हा गुन्हा ठरवावा अशी शिफारस केली होती. आज निवडणुकीच्या फेऱ्यांत आणि मिरवणुकींच्या भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांपुढे कोण नाचते ते पाहावे. ती आमच्याच वर्गातील मुले असतात आणि दुसऱ्या दिवशी गैरहजर असतात.

शाळा निर्दोष आहे असे मी मुळीच म्हणत नाही. तास सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी वर्गात येणारा शिक्षक मुलांना वेळेचे महत्त्व सांगू लागला की मागच्या बाकावर हसू फुटते, आणि ते हसू न्याय्य असते. खेळाचे मैदान लग्नकार्याला भाड्याने द्यायचे, चित्रकलेचा आणि कार्यानुभवाचा तास गणिताला घ्यायचा, पद रिक्त राहिले की वर्ग दिवसभर रिकामा ठेवायचा आणि मग मुले दंगा करतात म्हणून तक्रार करायची, असे अनेक शाळांत चालते. कायद्याने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये असे म्हटले आहे. तरी माहितीचे तक्ते भरण्यातच अर्धा दिवस सरतो. वर्गात शिक्षक नाही हेच पुष्कळ वेळा गोंधळाचे सर्वांत साधे कारण असते, इतके साधे की ते अहवालात कोणी लिहीत नाही.

या संदर्भात कर्मवीर भाऊराव पाटील यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्यांचा जन्म १८८७ मध्ये कुंभोजचा, आपल्याच समाजातला. कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यामुळे त्यांना आपले वसतिगृह सोडावे लागले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांतून येते. त्या काळच्या वसतिगृहाच्या दप्तरात तो मुलगा बेशिस्तच ठरला असणार. मोडलेल्या नियमाकडे पाहताना नियम कोणता होता हेही पाहावे लागते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. पुढे १९१९ मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. तेथील मुले एका चुलीवर आळीपाळीने स्वयंपाक करीत, पाणी भरीत, शेतात राबत. ज्याची भाकरी करण्याची पाळी आहे तो उशिरा उठला तर सगळे उपाशी राहतात. तेथे वक्तशीरपणावर व्याख्यान देण्याची गरज नव्हती. आज आमच्या सुखवस्तू घरांतल्या पंधरा वर्षांच्या मुलावर घरातील असे एक तरी काम आहे का, की जे त्याने केले नाही तर दुसऱ्या कोणाचे अडेल? 'तू फक्त अभ्यास कर' असे आपण त्याला सांगतो. त्याचा अर्थ त्याला असा समजतो की या घराला त्याच्यावाचून काही अडत नाही.

जोडाक्षरे न येणाऱ्या त्या मुलाला मी शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास बसवू लागलो. तो काही रातोरात सुधारला नाही. मांजराचा आवाज वर्गात अधूनमधून येतच राहिला, पण वाचनाच्या पाळीच्या वेळी नव्हे. दहावीला तो पहिल्या वेळी इंग्रजी व गणितात नापास झाला, ऑक्टोबरमध्ये बसून सुटला. आता त्याचे ट्रॅक्टर दुरुस्तीचे दुकान आहे, आणि सुटे भाग मागवण्याची यादी तो स्वतः लिहितो.

दुसऱ्या एका मुलाच्या बाबतीत मात्र मी चुकलो, आणि ती चूक वेगळ्या प्रकारची होती. तेव्हा मी मुख्याध्यापक होतो. दहावीतला मुलगा, अभ्यासात चांगला, घरची गुळाची मोठी आडत. त्याने मधल्या सुट्टीत त्याच शिपाईमामांच्या अंगावर पाण्याची बाटली फेकली आणि चार मुलांसमोर त्यांना नको त्या शब्दांत बोलला. कारण एवढेच की मामांनी त्याला फाटकाबाहेर जाऊ दिले नव्हते. मी त्याला बोलावून माफीपत्र लिहून घेतले आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मामांची क्षमा मागायला सांगितले. संध्याकाळी त्याचे वडील आले. शाळेच्या नव्या इमारतीला त्यांनी मोठी देणगी दिली होती. ते रागावले नाहीत. अतिशय मृदू आवाजात म्हणाले, 'सर, पोरगं आहे. सगळ्या शाळेसमोर शिपायाची माफी म्हणजे... जरा विचार करा.' मी विचार केला. विचार कसला, हिशेबच तो. माफीपत्र मी त्यांच्यासमोर फाडले. सकाळी प्रार्थना झाली आणि मुले वर्गात गेली. मामांनी मला काही विचारले नाही. ते तास द्यायला गेले.

मुलाने त्या दिवशी काय पाहिले असेल? नियम कोणासाठी असतो आणि कोणासाठी नसतो, हे त्याला त्याच्या वडिलांनी आणि मी मिळून शिकवले. शाळेतील इतर सहाशे मुलांनीही ते पाहिले असणार. मुलांना असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

गेल्या चातुर्मासात ते गृहस्थ माझ्याकडे आले होते. वय झाले आहे, दुकान आता मुलगा पाहतो. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग म्हणाले, 'सर, कामाला माणूस टिकत नाही आमच्याकडे. ह्याचं तोंड असं. परवा तर मलाच बोलला, हमालांच्या देखत.' थोडे थांबून ते म्हणाले, 'तुम्ही तेव्हा माझं ऐकायला नको होतं.' मी म्हणालो, 'शेठ, तुम्ही सांगायला नको होतं आणि मी ऐकायला नको होतं.' ते गप्प बसले. निघताना चपला घालता घालता त्यांनी विचारले, 'ते मामा असतात का हो अजून? कुठं राहतात?'

मामा आता ऐंशीच्या घरात आहेत, स्टँडच्या मागे मुलीकडे राहतात. मी त्यांना गल्ली सांगितली, घराची खूण सांगितली. तिकडे जायला निघताना मलाही बरोबर घ्या, एवढेच म्हणालो.